दुभाषी तक्ता

एखाद्या शास्त्रीय निबंधात छापलेला आकडा कोणत्या मूळ नोंदींवरून आणि कोणत्या आज्ञावलीतून निघाला, हे काही वर्षांनी त्या निबंधाच्या लेखकालाच सांगता येऊ नये, ही आजच्या गणनाधिष्ठित विद्यांची मोठी लाजिरवाणी उणीव आहे. आणि या उणिवेवर कोणी मुळापासून उपाय योजला आहे काय ते पाहावे, असे संपादकांनी सुचविले तेव्हा माझे लक्ष ‘ऑर्ग मोड’च्या ‘बेबेल’ नामक अंगाकडे गेले.

त्याचा इतिहास थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ साली स्वतःची टिपणे आणि कामांच्या याद्या नीट लावण्यासाठी इमॅक्स या जुन्या मजकूर-संपादकात ऑर्गची रचना केली. पुढे एरिक शुल्टे आणि डॅन डेव्हिसन यांनी त्याच टिपणांत आज्ञावली चालविण्याची सोय घातली, ती २०१० मध्ये ऑर्गच्या सातव्या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हाती आली, आणि २०१२ मध्ये या दोघांनी डोमिनिक आणि पुरातत्त्वज्ञ थॉमस डाय यांच्यासह तिचे विवेचन ‘जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर’मध्ये प्रसिद्ध केले. या सर्वांच्या मागे डोनाल्ड कनुथ यांचा १९८४ चा विचार उभा आहे: आज्ञावली ही प्रथम माणसाने वाचावयाची कृती आहे, म्हणून विवेचन आणि आज्ञा एकाच दस्तऐवजात, माणसाला समजेल त्या क्रमाने लिहाव्यात. कनुथ यांनी आपल्या टेक् या अक्षरजुळणी-प्रणालीची सबंध आज्ञावली याच पद्धतीने लिहून १९८६ साली ग्रंथरूपाने छापली. परंतु त्यांच्या पद्धतीत त्या दस्तऐवजातून आज्ञावली वेगळी काढून ती अन्यत्र चालवावी लागे. बेबेलमध्ये ती दस्तऐवजातच चालते, आणि तिचे फलित तेथेच, तिच्या खाली, रुजू होते.

बाह्यतः या कारभारात भपका काही नाही. फाइल साध्या मजकुराची असते, कोणत्याही यंत्रावर उघडणारी आणि कोणत्याही संपादकात वाचता येणारी. तीत परिच्छेद असतात, आणि मध्येच एक आरंभाची व एक समाप्तीची अशा दोन खुणेच्या ओळींमध्ये पायथनचा, शेलचा, आरचा किंवा एसक्यूएलचा एक ब्लॉक असतो. त्यावर कर्सर ठेवून कंट्रोलची कळ धरून सी दोनदा दाबला, की ती ती भाषा पार्श्वभूमीत जागी होते, ब्लॉक चालविते, आणि उत्तर ‘रिझल्ट्स’ अशा शीर्षकाखाली उमटते. ज्यूपिटर या दुसऱ्या साधनाच्या वह्यांमध्येही उत्तर आज्ञेखालीच उमटते. पण तेथे एका वहीचे इंजिन सामान्यतः एकाच भाषेचे असते, तर येथे एकाच कागदावर चार भाषा शेजारी नांदतात, आणि एकीचे उत्तर दुसरीच्या हाती पोहोचते.

ते कसे पोहोचते, या प्रश्नापाशी मी फार काळ रेंगाळलो. पायथनला आरची अंतर्गत रचना ठाऊक नाही, शेलला तर मजकुराखेरीज काहीच कळत नाही. मग मध्यस्थ कोण? मध्यस्थ आहे तो ऑर्गचा साधा तक्ता: उभ्या रेघांनी विभागलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताने दुरुस्त करता येणाऱ्या ओळी. शेलच्या एखाद्या ब्लॉकने दप्तरातील फाइलींची यादी काढली, की ती तक्ता होऊन खाली उतरते. त्या ब्लॉकला नाव दिले, आणि पुढच्या पायथनच्या ब्लॉकच्या मथळ्यावर ‘व्हार’ या शब्दापुढे ते नाव लिहिले, की ऑर्ग ते फलित घेऊन त्याचे पायथनच्या व्याकरणातील विधान बनविते आणि लेखकाने लिहिलेल्या मजकुराच्या आधी निमूटपणे जोडून देते, त्यामुळे पायथनला वाटते की ती यादी जणू आपल्याच भाषेत जन्मली. भाषा बदलली की विधानाचे व्याकरण बदलते, तक्ता मात्र तोच राहतो. माझ्या मते या साधनाची खरी थोरवी येथे आहे, कारण दोन भाषांमधील देवघेव येथे गुप्त राहत नाही. ती वाचकासमोर, मजकुरातच मांडलेली असते.

२०१२ च्या निबंधातील एक उदाहरण मला विशेष भावले. त्यात पायथनने पास्कलच्या त्रिकोणाचे आकडे काढले, इमॅक्स लिस्पने ते आकृतिवर्णनाच्या भाषेत उतरविले, आणि ग्राफविझने त्यांचे चित्र रेखाटले. पिंगलाच्या छंदःशास्त्रावरील टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात ज्या रचनेला मेरुप्रस्तार म्हटले, तीच ही. लघु-गुरूंच्या मोजणीसाठी मांडलेला हा मेरू तीन भाषांच्या हातांतून जाऊन चित्ररूपाने समोर उभा राहिलेला पाहणे, हे संस्कृत छंदांवर प्रेम करणाऱ्या कोणालाही आनंद देईल.

तथापि हा आनंद निर्वेध नाही. तक्ता दुभाषी आहे, पण त्याचा शब्दसंग्रह तोकडा: त्याला अक्षरे व संख्या एवढेच कळते, तारीख गेली तर ती अक्षरांची ओळ होऊन पोहोचते, आणि रिकामा रकाना ‘नोंद नाही’ या अर्थाने न पोहोचता पायथनकडे नुसती कोरी अक्षरपंक्ती होऊन जातो. पायथनचा ब्लॉक मूल्य मागण्याच्या रीतीने चालविला, तर तो एका फंक्शनच्या पोटात गुंडाळला जातो, म्हणून शेवटी ‘रिटर्न’ लिहिण्यास विसरलेल्या नवशिक्याच्या पदरी उत्तराऐवजी ‘नन’ पडते. देवनागरीत तक्ता भरणाऱ्यास तर आणखी एक त्रास सोसावा लागतो. अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने रेघा एकाखाली एक उभ्या राहत नाहीत.

याहून गंभीर दोष आहे तो ‘सेशन’चा. सेशन मागितले नाही, तर प्रत्येक ब्लॉक कोऱ्या पाटीवर चालतो. मागितले, तर प्रक्रिया जिवंत राहते आणि मागच्या ब्लॉकांनी निर्माण केलेली मूल्ये तिच्या स्मरणात टिकतात. हे सोयीचे खरे, पण मधला ब्लॉक आधी चालविला, मग वरचा बदलला, मग तो मधला पुसूनही टाकला, तरी स्मरणात त्याचे अवशेष राहतात, आणि कागदावर दिसणारे उत्तर कागदावरच्या आज्ञांमधून निघेनासे होते. आज्ञा बदलून ब्लॉक पुन्हा चालविला नाही, तर जुने फलित नव्या आज्ञेखाली तसेच उभे राहते, हीही चिंता आहेच. शिवाय फाइलमध्ये आज्ञा असतात, त्या चालविणारे यंत्र नसते. पायथनची आवृत्ती, आरची पॅकेजे, शेलमधील उपकरणे ही सर्व बाहेर राहतात, आणि ती बदलली की आजचे उत्तर उद्या मिळेलच असे नाही.

परक्याने पाठविलेल्या दस्तऐवजात आज्ञा असणे हाही धोकाच, आणि त्याची जाणीव कर्त्यांना आहे: आरंभी केवळ इमॅक्स लिस्पच्याच ब्लॉकांना परवानगी असते, आणि कोणताही ब्लॉक चालविण्यापूर्वी संमती विचारली जाते. तरीही जून २०२४ मध्ये इमॅक्सची २९.४ ही आवृत्ती तातडीने काढावी लागली, कारण ऑर्गच्या दुव्यांच्या संक्षेपांतील एका छिद्रातून, फाइल नुसती उघडल्यानेदेखील, शेलच्या आज्ञा चालू शकत होत्या. तो दोष बेबेलचा नव्हता, पण ज्या मजकुरात आज्ञांना वाव आहे त्याच्याविषयी किती सावध राहावे लागते, हे त्यातून दिसले. संमतीचा प्रश्न कंटाळवाणा वाटून तो कायमचा बंद करून टाकणारे अभ्यासक, माझ्या मते, मोठी चूक करतात.

यास्तव ज्यांना या साधनाने संशोधन करावयाचे आहे, त्यांना माझी आग्रहाची विनंती अशी, की दस्तऐवज दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी सर्व जुनी फलिते पुसावीत, नवी प्रक्रिया सुरू करून सर्व ब्लॉक पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने चालवावेत, आणि वापरलेल्या भाषांच्या व पॅकेजांच्या आवृत्त्या त्याच फाइलमध्ये, एका वेगळ्या ब्लॉकने काढून, नोंदवून ठेवाव्यात.