देव गेले, मानपान राहिला

आमच्या कचेरीत एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी संस्कृतीचा विषय निघाला. आपल्या देशाच्या संस्कृतीत आपल्याला न आवडणारी गोष्ट कोणती, असा प्रश्न कोणीतरी टाकला. एकजण म्हणाला, रस्त्यावर थुंकणे. दुसरा म्हणाला, वेळ न पाळणे. तिसऱ्याने देवळाच्या रांगेतही मोठ्या लोकांना वेगळे दार असते याची चीड बोलून दाखवली. आमची पाळी आली तेव्हा आम्ही घसा साफ करून सांगितले, "माणसामाणसांत उच्च-नीच मानणे, ही या देशाच्या संस्कृतीतली सर्वांत वाईट गोष्ट. बाकी सगळी तिची पिलावळ."

क्षणभर सारे गप्प झाले. मग शेजारच्या टेबलावरचे, आमच्याहून वयाने मोठे असलेले सहकारी शांतपणे म्हणाले, "अगदी बरोबर बोललात. पण परवा तुमच्याच नात्यातल्या लग्नाला आलो होतो. पत्रिकेत साडेअकराची वेळ होती आणि लग्न लागलं पावणेतीनला. नवरदेवाचे मामा रुसले होते म्हणे, फेटा हलका दिला म्हणून. हे उच्च-नीच नाही तर काय?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. समाजबांधवांनो, त्या दिवशी जे उत्तर देता आले नाही, ते आज आपल्याच माणसांपुढे मांडायचे आहे.

नावे ठेवणे म्हणजे द्रोह नव्हे

आपल्याच देशाच्या संस्कृतीला नावे ठेवली की काही लोकांना राग येतो. घरचे उणे बाहेर का काढता, असे ते म्हणतात. परंतु परमपूज्य बाबासाहेबांनी हे उणे चव्हाट्यावर मांडले नसते तर आपण आज कुठे असतो? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, आणि भाषणाचा मजकूर पाहून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी शब्द मागे घेतला नाही. ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. ज्या माणसाने देशाच्या संस्कृतीवर इतके कठोर प्रहार केले, त्यानेच देशाच्या राज्यघटनेसाठी रात्रीचा दिवस केला. दोष दाखवणारा माणूस शत्रू नसतो, हे याहून वेगळे कसे सांगायचे?

मात्र बाबासाहेबांचे एक सांगणे आपण सोयीने विसरतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वेळी त्यांनी हेही स्पष्ट केले, की ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा अभाव, आणि ती एका जातीपुरती राहिलेली नसून साऱ्या वर्गांत पसरलेली आहे. साऱ्या वर्गांत म्हणजे आपल्यातही. तिला शोधायला लांब जायला नको. आपल्या लग्नाच्या मांडवात शिरले तरी पुरे.

मांडवातली उतरंड

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देव्हारे रिकामे झाले, भटजी गेला, मुहूर्त गेला. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून, पांढऱ्या वस्त्रांतले वधूवर प्रतिज्ञा घेऊ लागले. किती सुटसुटीत विधी! मनात आणले तर अर्ध्या तासात सारे आटोपते.

पण त्या अर्ध्या तासाभोवती आपण काय काय उभे केले? बैठक बसते. मुलाकडचे मोठ्या मनाने सांगतात, "आम्हाला हुंडा नको. फक्त लग्न चांगलं करून द्या." या "फक्त" मध्ये काय काय बसते ते मुलीच्या बापाला विचारा. मंगल कार्यालय, वऱ्हाडाच्या गाड्या, बस्ता, वरमाईची भारी साडी, मानाचे फेटे, जावयांचे पोशाख, संसाराची भांडी, आणि आता हळदीचा वेगळा मांडव व वेगळे जेवण. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा देणे, घेणे आणि मागणे असे तिन्ही गुन्हे ठरवले. आपला "फक्त" मात्र त्या कायद्याच्या कागदातून अलगद निसटतो.

मग पत्रिका. वधूवरांची नावे शोधावी लागतात इतकी इतरांची नावे. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, मामा मंडळी, काका मंडळी, मित्रमंडळी. कोणाचे नाव वर, कोणाचे खाली, यावरून भावाभावांत अबोला होतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावाने नावानिशी हाकसुद्धा मारली नाही, त्यांची नातवंडे आपले नाव चौथ्या ओळीत का म्हणून रुसतात!

लग्नाच्या दिवशी वरात निघते. डीजेपुढे पोरे नाचतात, काही जण पिऊन नाचतात. बौद्धाचार्य मांडवात बसून असतात. मुलीकडची म्हातारी माणसे उपाशी, लहान पोरे रडवेली. शेवटी वरात येते आणि मघाशी प्यायलेली तीच पोरे हात जोडून पंचशील म्हणतात, पाचव्या शीलासकट. जेवणाला आधी मुलाकडची माणसे आणि मागून मुलीकडची. सारा दिवस मुलीचा बाप वाकून उभा.

वर एक आणि खाली एक, आणि खालच्याने वरच्याचा मान राखायचा. यालाच आपण एरवी दुसऱ्या नावाने ओळखतो. तिथे जन्मावरून माणूस खालचा ठरतो. इथे मुलगी जन्मली म्हणून बाप खालचा ठरतो.

आमच्याच घरातली गोष्ट

हे सारे दुसऱ्यांचे दोष म्हणून सांगितले तर ते भाषण होईल. म्हणून घरचेच सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

आमचे लग्न हुंडा न घेता झाले. चळवळीत काम करताना ही गोष्ट आम्ही अनेक सभांत सांगितली आणि टाळ्याही घेतल्या. आमची मेव्हणी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याची सोयरीक जुळली. हिशेबाचे काम म्हणून थोरल्या बंधूंनी यादी करायला आम्हालाच बसवले. मुलीकडच्यांनी काय काय करायचे त्याची ती यादी. आम्ही रकाने आखून नीट लिहीत होतो. सौभाग्यवती चहा घेऊन आल्या, यादी वाचली आणि म्हणाल्या, "अहो, खाली एक ओळ मोकळी ठेवा."

"कशाला?"

"मुलीच्या धाकट्या बहिणीचं शिक्षण लिहायला. माझ्या बहिणीचं तसंच गेलं."

मग इतक्या वर्षांनी आम्हाला जे कळले ते असे. आमच्या लग्नात दोन गाड्या भरून वऱ्हाड गेले होते. आमच्याकडच्या चाळीसेक माणसांना आहेर झाले होते. त्यासाठी मामांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, फंडातून कर्ज काढले आणि उरलेले पैसे व्याजाने घेतले. हप्ते सुरू झाले तेव्हा मेव्हणी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. फी भरता आली नाही. ती कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली, ती परत कॉलेजात गेलीच नाही. अभ्यासात दोघी बहिणींत तीच हुशार होती.

आम्ही काहीही मागितले नव्हते, हे खरे. आमच्या वडीलधाऱ्यांनी मागितले तेव्हा आम्ही गप्प बसलो होतो, हेही तितकेच खरे. आम्ही मागितले नव्हते, पण घेतले होते.

पुढे आम्ही मेव्हणीकडे गेलो आणि विषय काढला. ती हसून म्हणाली, "दाजी, जुनी गोष्ट झाली. चहा घ्या." ती रागावली असती तर बरे वाटले असते.

कारकुनाचा हिशेब

आम्ही हिशेबाचा माणूस, म्हणून थोडा हिशेब मांडतो. समजा, मुलीच्या लग्नासाठी बापाने २ लाख रुपये वर्षाला १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ४,४५० रुपये. पाच वर्षांत फेड होते जवळजवळ २ लाख ६७ हजार. म्हणजे ६७ हजार नुसते व्याजाचे.

हेच पैसे खाजगी सावकाराकडून महिना शेकडा ३ रुपयांनी घेतले तर? महिन्याला ६,००० रुपये फक्त व्याज. वर्षाला ७२,०००. आणि मुद्दल जिथल्या तिथे. ज्या घरात महिन्याचा पगार आला की रेशन, भाडे आणि शाळेची फी वजा जाता हातात काही उरत नाही, त्या घरात हा हप्ता कोणाच्या ताटातून आणि कोणाच्या वहीतून जातो? बहुतेक वेळा धाकट्या मुलीच्या.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते, की समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. लग्न ही जबाबदारी आहे, मुलांना ती पेलेपर्यंत ती त्यांच्यावर लादू नका, असेही त्यांनी आयाबायांना बजावले होते. त्यांच्या मापाने आपले एखादे लग्न मोजून पाहावे. मांडव किती मोठा हे मोजू नये. त्या मांडवानंतर घरातली कोणती मुलगी शाळेतून कमी झाली, ते मोजावे.

घोड्यावर बसू नये काय?

आमचे हे बोलणे ऐकून एक तरुण कार्यकर्ता भडकला. म्हणाला, "आपल्या बापजाद्यांना घोड्यावर बसू दिलं नाही, वाजंत्री लावू दिली नाही. आता कुठे चार पैसे आले, तर तुम्हीच आडवे येता?"

त्याचा राग खोटा नाही. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला गावातून वरात नेण्यासाठी थेट न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि शेवटी पोलीस बंदोबस्तात वरात निघाली. जिथे अडवतात तिथे घोड्यावर बसलेच पाहिजे. तो हक्काचा प्रश्न आहे. पण जिथे कोणीच अडवत नाही, तिथे मुलीच्या बापाच्या कर्जावर घोडा नाचवणे हा हक्क नव्हे. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहा, नीटनेटके लुगडे नेसा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे जड दागिने टाकून द्या, असे सांगितले. स्वाभिमानाला सावकार लागत नाही, हा त्यातला अर्थ आम्हाला आज कळतो.

मग करावे काय?

बिनभटजीचे, कमी खर्चाचे लग्न हे आपल्याला नवीन नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच ती वाट दाखवली. आपल्या खेड्यापाड्यांत आजही "यादी पे शादी" होते. सोयरीक जुळली, त्याच दिवशी, त्याच मांडवात लग्न. त्यात कोणाची अब्रू गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आमच्या पुतण्याच्या लग्नाची ती यादी आम्ही फाडली. ठरवले ते एवढेच. लग्न विहारात. खर्च दोन्हीकडून निम्मा-निम्मा. आहेर द्यायचा नाही, घ्यायचा नाही. पत्रिकेवर वधूवर आणि दोघांचे आईवडील, एवढीच नावे. पंगत एकच, दोन्हीकडची माणसे शेजारी शेजारी. वेळ अकराची म्हणजे अकराची. आणि लग्नाची नोंदणी महापालिकेच्या कार्यालयात लगेच.

सारे गोडीगुलाबीने झाले असे नाही. बंधू कुरकुरले. वहिनी आठ दिवस आमच्या घरात बोलल्या नाहीत. आमचे एक चुलते पत्रिकेवर नाव नाही म्हणून न जेवता निघून गेले, ते अजून आमच्याकडे आलेले नाहीत. त्याचे आम्हाला वाईट वाटते. पण मुलीच्या वडिलांना कर्ज काढावे लागले नाही, आणि त्यांची धाकटी मुलगी आज शिकते आहे.

वाचकहो, आमचे सांगणे मुलीच्या बापांना नाही. त्यांच्या हातात फार थोडे असते. सांगणे आहे मुलांच्या आईबापांना, आणि त्याहून जास्त मुलांना. बैठकीत वडीलधारे मागत असतील तेव्हा खाली मान घालून गप्प बसू नका. ते गप्प बसणे कोणाला तरी आयुष्यभर पुरते. उठा आणि आपल्या तोंडाने सांगा, की यातले काही नको. वधूपिता तुमच्यासमोर वाकून नव्हे, तुमच्या शेजारी बसला पाहिजे.

त्या लग्नाला आम्ही कचेरीतल्या त्या सहकाऱ्यांना मुद्दाम बोलावले होते. ते सवयीप्रमाणे साडेबाराला आले. तोवर लग्न लागून पहिली पंगत उठत होती. आम्ही त्यांना दुसऱ्या पंगतीला बसवले, आणि त्यांच्या शेजारी वाढपाचे काम आटोपून नवऱ्या मुलीचे वडील येऊन बसले.

जय भीम! नमो बुद्धाय!