ब्रेस की ऑपरेशन? आधी उरलेली वाढ मोजा

वाढत्या वयातली पाठ : लेखांक ४

मुलीला पुढे वाकवून पाठ कशी पाहायची, ते गेल्या आठवड्यात आपण समजून घेतलं. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे जोडून ती वाकते आणि मागे उभं राहिलं की पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते. पुष्कळ घरांत ही गोष्ट आईच्या लक्षात येते ती वेणी घालताना किंवा नव्या युनिफॉर्मचं माप देताना. एक खवाटा वर आलेला असतो, कमरेची एक बाजू जास्त खोल असते, पिनाफोर एकीकडून आखूड होतो. मग एक्स-रे निघतो, डॉक्टर त्यावर रेघा मारून कण्याच्या बाकाचा कोन मोजतात आणि घरात एक आकडा येतो. २८ अंश. ३६ अंश. ४७ अंश. त्या दिवसापासून त्या आकड्याशिवाय घरात दुसरा विषय नसतो.

त्या आकड्यानंतर काय करायचं, हा आजचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नुसत्या आकड्यावर ब्रेस ठरत नाही आणि ऑपरेशनही ठरत नाही. मुलीची किती वाढ अजून व्हायची आहे, हे कळल्याखेरीज त्या आकड्याला अर्थच नाही.

हा कोन मोजण्याची पद्धत अमेरिकन डॉक्टर जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडली, म्हणून त्याला कॉब अँगल म्हणतात. १० अंशांच्या पुढे गेलं की त्याला स्कोलिओसिस म्हणायचं. किशोरवयातल्या शंभर मुलांमागे दोन-तीन जणांत तो सापडतो आणि त्यांतल्या बहुतेकांना कधीच काही करावं लागत नाही. तोच एक्स-रे दोघांनी मोजला, किंवा एकानेच दोनदा मोजला, तरी पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो. त्यामुळे मार्चमध्ये २८ होता आणि जुलैमध्ये ३१ झाला म्हणून रात्र जागून काढू नका. फरक पाच अंशांहून जास्त असेल तर मात्र तो वाढला असं धरायचं.

आता दोन मुली डोळ्यांसमोर आणा. दोघींचाही बाक २८ अंश. पहिली साडेअकरा वर्षांची आहे, पाळी अजून आलेली नाही, गेल्या सहा महिन्यांत चपला दोनदा बदलाव्या लागल्या. दुसरी पंधरा पूर्ण केलेली, पाळी सुरू होऊन अडीच वर्षं झाली, उंची वर्षभर तिथेच आहे. पहिलीला ब्रेस आजच्या आज हवा. दुसरीला बहुधा ब्रेसही नको आणि ऑपरेशनही नको. काही काळाने एक एक्स-रे काढून खात्री करून घेतली की पुरे. लॉन्स्टीन आणि कार्लसन या डॉक्टरांनी १९८४ मध्ये सातशेहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. २० ते २९ अंशांचा बाक आणि हाडं कोवळी असतील, तर शंभरातल्या ६८ मुलांचा बाक वाढला. तेवढाच बाक पण हाडं बऱ्यापैकी पक्व, तर २३ जणांचाच.

उरलेली वाढ डॉक्टर कशावरून सांगतात? कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर वाढीच्या वयात हाडाची एक नवी पट्टी हळूहळू तयार होते. ती कुठवर आली यावरून ० ते ५ अशी रिसर श्रेणी देतात. ० म्हणजे वाढीचा मोठा भाग अजून शिल्लक, ५ म्हणजे वाढ संपली. हल्ली डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढूनही हे पाहतात आणि तो अंदाज अधिक बारीक असतो. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती पाळी येण्याच्या आधीच्या काही महिन्यांत. पाळीनंतर साधारण दोन वर्षं वाढ मंदावत जाते. म्हणून पाळी कधी सुरू झाली हा प्रश्न डॉक्टर विचारतात, तेव्हा बाबांसमोर संकोच करू नका. उपचाराची अर्धी दिशा त्या तारखेवरून ठरते.

ढोबळ मार्ग असा आहे. २५ अंशांच्या खाली असेल तर लक्ष ठेवायचं. २५ ते ४० आणि वाढ शिल्लक असेल तर ब्रेस. वाढत्या मुलीत ४५च्या पुढे, किंवा वाढ संपलेल्या मुलीत ५०च्या पुढे गेला, तर ऑपरेशनचा विचार. मधली जागा धूसर आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

ब्रेसबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की तो कणा सरळ करून देतो. ब्रेस घालून काढलेल्या एक्स-रेमध्ये बाक निम्म्यावर आलेला दिसतो आणि घरात पेढे वाटायची वेळ आल्यासारखं वाटतं. उपचार संपून ब्रेस सुटला की त्यातलं बरंचसं परत जातं. ब्रेसचं काम आहे बाक होता तिथे थोपवून धरणं, म्हणजे वाढ संपेल तेव्हा तो ऑपरेशनच्या हद्दीबाहेर असेल. २८ अंशांची मुलगी चार वर्षांनी ३० अंशांवर थांबली, तर तो उपचार पूर्ण यशस्वी झाला. हे आधी सांगितलेलं नसलं, की चार वर्षांनी ती आरशासमोर उभी राहते आणि तिला वाटतं आपली फसवणूक झाली.

ऑर्थोटिस्ट, म्हणजे ब्रेस बनवणारा तज्ज्ञ, छाती-कमरेचा साचा घेतो, काही ठिकाणी आता स्कॅनरने, आणि त्यावर कडक प्लास्टिकचं कवच तयार करतो. आतून जिथे बाक बाहेर आला आहे तिथे जाड पॅड असतो आणि त्याच्या समोरच्या बाजूला मुद्दाम रिकामी जागा सोडलेली असते. दाबलेलं अंग त्या मोकळ्या जागेत सरकावं म्हणून. ती मोकळी जागा पाहून ब्रेस ढिला झालाय असं समजून तिथे रुमाल कोंबणारे पालक असतात. कृपा करून तसं करू नका.

तो खरंच उपयोगी पडतो का, यावर अनेक दशकं डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आयोवा विद्यापीठाचे स्टुअर्ट वाइनस्टीन त्याचे प्रमुख होते. १० ते १५ वर्षांची, २० ते ४० अंश बाकाची, वाढ शिल्लक असलेली २४२ मुलं-मुली त्यात होती. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या खाली राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवावा लागला.

या आकड्यांच्या दोन्ही बाजू पालकांना सांगायलाच हव्यात असं मला वाटतं. ब्रेस न घालताही जवळजवळ निम्मी मुलं ऑपरेशनच्या हद्दीपर्यंत गेली नाहीत. आणि ब्रेस घालूनही शंभरातली २८ गेली. पण त्याच अभ्यासात ब्रेसच्या आत तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं बसवली होती. त्यावरून कोणी खरोखर किती तास ब्रेस घातला ते कळत होतं. दिवसाला सरासरी १३ तास किंवा त्याहून जास्त घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या पुढे होतं. सहा तासांपेक्षा कमी घालणाऱ्यांचा निकाल जवळपास ब्रेस न घालणाऱ्यांसारखाच होता. कपाटात लटकवलेल्या ब्रेसचे पैसे वाया जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण उपचार करतोय या समाधानात वाढीचे महिने निघून जातात.

डॉक्टर सहसा १८ तास सांगतात. २४ मधून १८ गेले की सहा उरतात. त्यात आंघोळ, खेळ, नाचाचा क्लास आणि जरा मोकळं बसणं. म्हणजे रात्री तो अंगावर, शाळेतही अंगावर. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात कूलर बंद पडल्यावर तो घालून झोपणं काय असतं, हे मोठ्यांनी निदान डोळ्यांसमोर आणावं. आत शिवणी नसलेला सुती बनियन लागतो, सुरकुती न पडू देता ताणून घातलेला, आणि घामाने भिजला की लगेच बदलायचा. पॅडखाली कातडी लाल होते ते ठीक. ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात ती लाली गेली नाही, तर मात्र ऑर्थोटिस्टकडे जायचं. पहिल्या आठवड्यात पोट दाबल्यासारखं वाटतं, घास जात नाही, वाकून बुटाची लेस बांधता येत नाही. वर्गात पेन्सिल खाली पडली तर ती उचलायची कशी, हे तिला घरी शिकवून ठेवावं लागतं. कमरेतून न वाकता गुडघ्यांत बसायचं.

हे सगळं करायचं आहे तेरा वर्षांच्या मुलीला. आणि बहुतेक दवाखान्यांत बोलणं होतं डॉक्टर आणि वडिलांमध्ये. ती मधल्या स्टुलावर बसून भिंतीवरच्या सांगाड्याकडे बघत असते. ज्या उपचाराचा निकाल तिने घातलेल्या तासांवर आहे, त्याचा निर्णय तिला वगळून होत असेल तर तो निर्णय चुकीच्या पायावर उभा आहे. तिला एक्स-रे दाखवा. आकडा तिला समजावून सांगा. एखाद्या लग्नासाठी किंवा गॅदरिंगसाठी त्या दिवशीचे तास कमी करायची मुभा तिच्या हातात द्या. ओरडून घातलेला ब्रेस आई ऑफिसला गेली की निघतो.

व्यायामाबद्दल थोडक्यात. श्रॉथ पद्धतीचे, बाकाच्या दिशेप्रमाणे शिकवलेले व्यायाम ब्रेसच्या जोडीला चांगले. ब्रेसची गरज असताना त्याच्या बदल्यात नाहीत. मालिश करून किंवा मणका बसवून देऊन हा बाक थांबतो याला आधार नाही. आणि जड दप्तराने किंवा वाकून बसण्याने तो येतही नाही, त्यामुळे मुलीला त्यावरून बोलणं थांबवा.

आता ऑपरेशन. ५० अंशांची सीमा कुठून आली? वाढ संपली की ३० अंशांच्या आतला बाक सहसा स्थिर राहतो. छातीच्या भागातला ५० अंशांपुढचा बाक मात्र वाढ संपल्यावरही सरासरी वर्षाला एक अंशाच्या आसपास वाढत राहतो. पंधराव्या वर्षी ५२ असलेला बाक पंचेचाळिशीत कुठे असेल, हा हिशेब करून सर्जन बोलत असतो. वाइनस्टीन यांच्या याच आयोवा विद्यापीठात काहीही उपचार न घेतलेल्या रुग्णांचा पन्नास वर्षं पाठपुरावा झाला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी नोकऱ्या केल्या, संसार केले, आयुष्यं सर्वसाधारण होती. पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, आणि छातीतला बाक ८० अंशांच्या पुढे गेलेल्यांना धाप लागत होती. म्हणजे ऑपरेशन आज रात्री करायचं असतं असं जवळजवळ कधीच नसतं. विचार करायला, दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला वेळ असतो.

ऑपरेशनमध्ये पाठीवरून मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांना दोन सळ्या जोडून बाक कमी करतात आणि तेवढ्या भागातले मणके हाडाचा भुगा घालून कायमचे एकमेकांना जुळू देतात. बाक बराच कमी होतो, उंची थोडी वाढते. तेवढा भाग मात्र पुन्हा कधी वाकत नाही. जोडणी छातीपर्यंतच असेल तर रोजच्या हालचालींत फारसा फरक जाणवत नाही. कमरेत खाली जाईल तसा जाणवतो. म्हणून ‘कुठून कुठपर्यंत जोडणार?’ हा प्रश्न ‘किती सरळ होईल?’ याच्या आधी विचारावा. घरोघरी भीती असते ती पाय जाण्याची. ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूचे संदेश सतत तपासणारी यंत्रणा (न्यूरोमॉनिटरिंग) आता वापरली जाते, आणि मज्जासंस्थेला इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. कमी आहे, शून्य नाही. जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होणं, काही वर्षांनी पुन्हा ऑपरेशन लागणं हेही काही जणांच्या वाट्याला येतं. न्यूरोमॉनिटरिंग आहे का आणि अशी किती ऑपरेशनं वर्षाला करता, हे सर्जनला विचारायला कचरू नये.

आणखी एक प्रश्न दवाखान्यात विचारला जात नाही, पण गाडीत बसल्यावर निघतो. लग्नाचं काय? आजी म्हणते ऑपरेशनचा व्रण दिसेल, आत्या म्हणते ब्रेस शेजाऱ्यांनी पाहिला तर. या बोलण्यात सहा महिने गेले की वाढीचे सर्वांत मोलाचे सहा महिने गेले. या ऑपरेशननंतर मुली शिकतात, नाचतात, आई होतात. निर्णयाच्या खोलीत ती काळजी आणूच नये, हे मी ठामपणे म्हणते.

राहिली ती धूसर जागा, ४० ते ५० अंशांची. इथे दोन चांगले डॉक्टर वेगवेगळं सांगू शकतात आणि दोघंही बरोबर असू शकतात. वाढ भरपूर उरली असेल तर हा बाक ब्रेसला क्वचितच जुमानतो. वाढ संपत आली असेल आणि मुलीला दिसण्याचा त्रास नसेल, तर थांबून पाहणं हाही रास्त निर्णय आहे. मणके न जोडता बाकाच्या बाहेरच्या बाजूला लवचीक दोरी ओढून बसवण्याची टेदरिंगची पद्धतही आहे. अमेरिकेत तिच्या साधनाला २०१९ मध्ये मर्यादित मंजुरी मिळाली. तीही वाढ शिल्लक असेल तरच चालते, दोरी तुटू शकते, पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. हालचाल टिकते हे ऐकून लगेच तिकडे धावू नये.

बाक डावीकडे छातीत असेल, फार भरभर वाढत असेल किंवा पायांत बधिरपणा असेल, तर यातलं काहीही ठरवण्याआधी एमआरआय करून घ्यावा. पुढच्या भेटीला पहिल्यापासूनचे सगळे एक्स-रे न्या, उंचीच्या नोंदी आणि पाळीची तारीख लिहून न्या. आणि डॉक्टरांना सांगा की आधी तिच्याशी बोला, आम्ही बाहेर थांबतो.

(पुढच्या आठवड्यात : ब्रेस घालून शाळा)