पेट्रोलपंपाखालच्या टाकीचा हिशेब

पेट्रोलपंपावर नोझल दिसते, मीटरवर पळणारे आकडे दिसतात. पेट्रोल ज्या टाकीतून येते ती मात्र जमिनीत पुरलेली असते. आगीचा धोका कमी व्हावा म्हणून ती तशी पुरतात आणि ते योग्यच आहे. मात्र पुरलेली टाकी नजरेआड होते. तिला बारीक छिद्र पडले, तरी वर उभ्या माणसाला काहीच कळत नाही. न दिसणारी ही गळती नियमांनी कशी पकडायची, याचा सविस्तर विचार अमेरिकेने १९८४ नंतर केला. तो समजून घेण्यासारखा आहे.

आधी गळती होते कशी ते पाहू. साधी पोलादी टाकी ओल्या मातीत गंजते. हा गंज सगळीकडे सारखा चढत नाही. ओल आणि क्षार जिथे जास्त, तिथे तो एकाच ठिकाणी खोल जातो आणि पत्र्याला आरपार भोक पाडतो. टाकीपासून पंपापर्यंत जाणारे नळ आणि त्यांचे सांधेही गळतात. शिवाय टँकर रिकामा करून होज काढताना थोडे सांडते आणि प्रत्येक खेपेला मातीत मुरत जाते.

मुरलेले पेट्रोल भूजलापर्यंत पोचते. ते पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते, पण त्यातले काही घटक पाण्यात विरघळतात. त्यांतले बेंझीन कर्करोगकारक आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. आता हिशेब करा. पेट्रोलमध्ये बेंझीन १ टक्का धरले, तर एका लिटरमध्ये ते सुमारे ९ ग्रॅम भरते. एवढे बेंझीन सुमारे १८ लाख लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊ शकते. प्रत्यक्षात सगळे बेंझीन पाण्यात उतरत नाही, पण थोडी गळतीही क्षुल्लक का नसते, हे यावरून कळते.

१९८० च्या दशकात अमेरिकेत अशा वीस लाखांहून अधिक टाक्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक साध्या पोलादाच्या होत्या. १९८४ मध्ये संसदेने कायदा केला आणि १९८८ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने नियम काढले. जुन्या टाक्यांना २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत मिळाली: सुधारा, बदला किंवा बंद करा.

सुधारायचे म्हणजे काय, तेही नियमांनी सांगितले. गंज रोखण्यासाठी फायबरग्लासची टाकी बसवावी किंवा पोलादाला विद्युत-रासायनिक संरक्षण द्यावे. त्यासाठी टाकीला जस्त किंवा मॅग्नेशियमचे तुकडे जोडतात. आधी ते झिजतात आणि पोलाद टिकते. हे संरक्षण चालू आहे की नाही, याची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. भरण्याच्या तोंडाशी सांडलेले इंधन धरणारे भांडे बसवायचे. टाकी ९५ टक्के भरली की प्रवाह आपोआप थांबावा किंवा ९० टक्क्यांना इशारा मिळावा, अशी सोय करायची.

सर्वांत अवघड भाग गळती ओळखण्याचा. टाकीत किती आले, किती विकले आणि किती उरले, याचा मेळ घालणे सोपे वाटते. पण पेट्रोल उष्णतेने फुगते. २०,००० लिटर पेट्रोलचे तापमान एका अंशाने बदलले, तर आकारमानात २० लिटरच्या आसपास फरक पडतो. मासिक चाचणीत ज्या वेगाची गळती ओळखता आली पाहिजे, तो तासाला ०.२ गॅलन, म्हणजे दिवसाला सुमारे १८ लिटर. म्हणजे दिवसभराची गळती एका अंशाच्या चढउतारात लपून जाते. म्हणूनच टाकीतले स्वयंचलित मापक पातळीबरोबर तापमानही टिपते आणि पंप बंद असताना शांत उभ्या इंधनाची पातळी तासन्‌तास पाहते. अशी चाचणी खरी गळती ९५ टक्के वेळा पकडणारी असावी आणि खोटा इशारा ५ टक्क्यांहून अधिक वेळा देणारी नसावी, ही अट आहे.

या रचनेचा गाभा इथे आहे. विहिरीच्या पाण्याला वास येईपर्यंत थांबायचे नाही. टाकी गळत नाही, हे मालकानेच दर महिन्याला दाखवायचे. संशय आला तर २४ तासांत कळवायचे आणि नुकसानभरपाईची आर्थिक तयारी विमा किंवा तत्सम मार्गाने आधीच करून ठेवायची.

उशीर झाला की काय होते, हे अमेरिकेतल्या सांता मोनिका शहराने अनुभवले. एमटीबीई हे पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे रसायन पाण्यात सहज विरघळते, मातीला चिकटत नाही आणि दूरवर जाते. १९९६ मध्ये ते विहिरींत सापडले. शहराला आपल्या पाण्याच्या जवळपास निम्म्या पुरवठ्यावर पाणी सोडावे लागले आणि बाहेरून पाणी विकत घ्यावे लागले. नियमही पुढे कडक होत गेले. २००५ च्या कायद्याने दर तीन वर्षांनी तपासणी आणली. २०१५ च्या नियमांनी नव्या टाक्यांना दुहेरी भिंत सक्तीची केली, म्हणजे आतली भिंत फुटली तरी इंधन मधल्या पोकळीत अडकते आणि तिथेच कळते.

भारतात पेट्रोलपंपाच्या टाक्यांना परवाना देणाऱ्या पेसो या संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. तिच्या कामाचा मुख्य भर आग आणि स्फोट टाळण्यावर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, रुग्णालये आणि वस्तीपासून ५० मीटरचे अंतर त्यांत आहे.

महाराष्ट्राला हा विषय अधिक जवळचा आहे. राज्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी भेगांमधून आणि झिजलेल्या थरांतून वाहते. मातीतून पाणी हळूहळू गाळले जाते, तसे भेगेत होत नाही. प्रदूषण कोणत्या विहिरीत निघेल, हे आधी सांगणे कठीण असते आणि एकदा शिरलेले रसायन काढून टाकणे त्याहून कठीण. म्हणून पंपावरच्या गळतीचाचणीचा निकाल मालक आणि निरीक्षक यांच्यापुरता राहू नये. तो ग्रामपंचायतीला आणि आसपासच्या विहीरमालकांनाही पाहता आला पाहिजे, कारण टाकीची किंमत कोणीही दिली असली तरी पाणी त्यांचे आहे.