संगणक कोर्स निवडताय? आधी भरतीची जाहिरात वाचा, मग क्लासची पाटी

शेगाव : दहावी-बारावीचे निकाल लागले की संगणक क्लासची पत्रके घरोघर येऊ लागतात. बेसिक, ॲडव्हान्स, डिप्लोमा, मास्टर डिप्लोमा. नाव जितके भारदस्त, तितकी फी जास्त. पेरणीच्या तोंडावर घरात आधीच पैशांची ओढाताण असते. त्यातूनच ही रक्कम काढली जाते. वर्षभराने भरतीचा अर्ज भरायला बसल्यावर मात्र कळते, की मागितलेले प्रमाणपत्र हे नव्हेच.

हा घोळ बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो. क्लास कुठला, हे सगळे विचारतात. प्रमाणपत्रावर सही कोणाची असेल, हे फारसे कोणी विचारत नाही.

सरकारी नोकरीसाठी काय चालते?

राज्य शासनाच्या ज्या पदांना संगणक अर्हता लागते, त्यांच्या जाहिरातींत अनेकदा ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाचा हवाला असतो. त्यानुसार एमएस-सीआयटी चालते, तसेच केंद्र सरकारच्या ‘नायलिट’ या संस्थेची सीसीसी किंवा ओ, ए, बी, सी स्तरांची प्रमाणपत्रेही चालतात. एमएस-सीआयटी हा ‘एमकेसीएल’चा २००१ पासूनचा कोर्स, त्याचे प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ देते. सीसीसी ८० तासांचा आहे. दोन्हींपैकी एक पुरेसे असताना दोन्ही करण्यात पैसे घालवू नयेत. क्लासने स्वतःच्या नावाने दिलेला ‘डिप्लोमा’ या यादीत बसत नाही, मग तो कितीही महिन्यांचा असो.

खरी गफलत होते ती टायपिंगमध्ये. लिपिक-टंकलेखक पदासाठी एमएस-सीआयटी केले म्हणजे झाले, असा समज सर्रास आढळतो. या पदाला टंकलेखनाचे वेगळे शासकीय प्रमाणपत्र लागते : मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. ही संगणक टंकलेखन परीक्षा, म्हणजे जीसीसी-टीबीसी, पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. तयारीला सहा महिने लागतात, परीक्षा ठरलेल्या सत्रातच होते. त्यामुळे जाहिरात निघाल्यावर क्लास लावणाऱ्याची ती संधी हुकतेच. शिवाय लोकसेवा आयोग आता टंकलेखन कौशल्य चाचणीही घेतो. कागदावरचा वेग तिथे प्रत्यक्ष दाखवावा लागतो. लिपिक व्हायचे असेल तर कोणत्याही ‘मास्टर डिप्लोमा’पेक्षा रोज तासभराचे टायपिंग जास्त कामाचे.

खासगी नोकरीचे गणित वेगळे

शेगावातले लॉज, दुकाने असोत की खामगाव-अकोल्यातले व्यापारी, तिथे प्रमाणपत्र फारसे कोणी उघडून पाहत नाही. समोर बसवतात आणि बिल करायला सांगतात. वाणिज्य शाखेच्या मुला-मुलींसाठी टॅली आणि एक्सेल उपयोगी आहेत. पण १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि नुसत्या नोंदी टाकता येणे अपुरे ठरले. खरेदी-विक्रीच्या नोंदी विवरणपत्राशी जुळवता आल्या पाहिजेत. क्लासमध्ये हे खऱ्या बिलांवर शिकवतात की फक्त पुस्तकातून, हे प्रवेशाआधी एक दिवस बसून पाहावे. बसू देत नसतील, तर तेही एक उत्तरच आहे.

दहावीनंतर लवकर कामाला लागायचे असेल तर आयटीआयमधला ‘कोपा’ हा एक वर्षाचा संगणक चालक अभ्यासक्रम आहे. त्याला राष्ट्रीय मान्यता आहे, पुढे शिकाऊ उमेदवारीची वाटही असते. शासकीय आयटीआयची फी खासगी क्लासच्या तुलनेत किरकोळ. तरी गावात याची चर्चा कमी होते. आयटीआयची पत्रके कोणी वाटत नाही, हेही कारण असावे.

प्रोग्रामिंगच करायचे असेल तर?

मग सहा महिन्यांच्या कोर्सवर सगळी भिस्त ठेवू नये. शेगावातच १९८३ पासून संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बारावी विज्ञाननंतर सीईटी देऊन, किंवा दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला, अशा दोन वाटांनी अभियांत्रिकीला जाता येते. बीसीएसाठीही २०२४ पासून राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा आहे. अर्जाची मुदत निकालाच्या आधीच संपते, हे अनेकांना उशिरा कळते. बारावीनंतर पदवी करता करता ‘नायलिट’चा ओ स्तरही करता येतो. वर्षभराच्या त्या अभ्यासक्रमात पायथन आणि वेब डिझाइनिंग आहे.

आपल्याला यात गोडी आहे की नाही, हे तपासायला फी भरण्याची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे अनेक धडे मराठीत मोफत आहेत. ‘स्वयम्’वरचे अभ्यासक्रमही मोफत शिकता येतात, शुल्क लागते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. महिनाभर हे करून पाहिले की मुलाला कोडिंग आवडते की फक्त मोबाइल, ते घरच्यांनाही समजते.

क्लासमध्ये जाताना ज्या पदासाठी अर्ज करायचा आहे त्याची मागची जाहिरात छापून सोबत न्यावी आणि अर्हतेच्या ओळीवर बोट ठेवून विचारावे : तुमचे प्रमाणपत्र यात बसते का? ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असेल तर ती लेखी मागावी. परीक्षा शुल्क फीमध्ये धरले आहे की वेगळे, कोर्स मधेच सोडल्यास पैसे परत मिळतात का, हे पावतीवर लिहून घ्यावे. हप्त्याची सोय असेल तर पूर्ण रक्कम एकदम भरू नये.