अवयवदानाचं बोलणं घरातच होऊ दे

मुरबाड, शहापूरकडच्या आपल्या गावांत कोणी अत्यवस्थ झालं, की गाडी आधी कल्याण गाठते आणि तिथून पुढे ठाण्याला, नाहीतर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जाते. कळव्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. उद्याचे डॉक्टर तिथे घडतात.

अशा डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींना अवयवदानाबद्दल काय वाटतं, यावर देशात बऱ्याच पाहण्या झाल्या आहेत. अवयवदान चांगलं, हे बहुतेक मुलं मान्य करतात. पण ब्रेन डेड म्हणजे नेमकं काय, कायदा काय सांगतो, इथे अनेकांची गाडी अडते. स्वतः अर्ज भरलेले तर थोडेच निघतात. शिकणाऱ्यांची ही गत, मग आपल्याला प्रश्न पडले तर नवल काय? आज तेच प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न : छाती हलते आहे, मग माणूस गेला कसा? कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, तो सुधारूही शकतो. ब्रेन डेड माणसाचा मेंदू कायमचा थांबलेला असतो. छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे. तो परत येत नाही. हे एकट्या डॉक्टरने ठरवायचं नसतं. १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासायचं असतं. अवयव बसवणारे डॉक्टर त्या चौघांत नसतात.

दुसरा प्रश्न : घरी मरण आलं तर? मूत्रपिंड, यकृत, हृदय देता येत नाही. पण सहा तासांच्या आत डोळे आणि त्वचा देता येते. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, डोळे देता येतात. नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा. त्वचा भाजलेल्या पेशंटच्या कामी येते. आपल्या जिल्ह्यात ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे.

तिसरा प्रश्न : देहदान आणि अवयवदान एकच का? नाही. देहदानात पूर्ण देह वैद्यकीय महाविद्यालयाला जातो, मुलं त्यावर शरीर शिकतात. डोंबिवलीचं दधिची देहदान मंडळ याच कामासाठी ओळखलं जातं. अवयवदानात अवयव काढून शरीर नीट शिवून घरच्यांना परत देतात. अंत्यविधी आपल्या रीतीप्रमाणे करता येतो. अवयव काढण्याचा खर्च घरच्यांवर पडत नाही. अवयवाचे पैसे घेणं मात्र गुन्हा आहे.

आता आपल्या बायकांची गोष्ट. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकाच जास्त, आणि मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. नवऱ्याला हवं तर बायको देते, लेकाला हवं तर आई देते. तिला हवं असतं तेव्हा पुढे येणारे कमी. मृत्यूनंतरचं दान वाढलं, तर घरातल्या बाईवर येणारा हा भार हलका होईल. ते अवयव नात्यावर नाही, सरकारी नियमांनी ठरलेल्या यादीप्रमाणे मिळतात.

पण अडतं कुठे? कार्ड भरलेलं असलं, तरी शेवटी विचारतात घरच्यांनाच. आयसीयूच्या दाराशी, रडं आवरत नसताना, कोणाच्या तोंडून हो निघेल? घरात आधी बोलणं झालेलं असेल, तर माणसाची इच्छा ठाऊक असते. हो म्हणायचं की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडता कामा नये.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. घरी जेवताना नवऱ्याशी, सासूबाईंशी, मुलांशी बोला. शंका असतील तर १८००११४७७० या सरकारी नंबरवर फोन करा, पैसे पडत नाहीत. आणि गावातली एखादी लेक डॉक्टरकी शिकत असेल, तर तिलाही विचारा, ‘बाई गं, तुझं काय ठरलंय?’