चमचाभर भुकटीत बोरीबंदर ते मुलुंड

सुरीची मूठ हातात घेतली की दिसतं ते पातं. पण त्या पात्याचा निम्मा जीव मुठीच्या पोटात दडलेला असतो! मुठीत शिरणाऱ्या त्या पोलादी पट्टीला कारागीर टँग म्हणतात. ती बसवायला मुठीत खाच हवी. केवढी? 100 मिलिमीटर लांब, 12 रुंद, 4 खोल. करंगळीहून लांब, पण कितीतरी पातळ. आता या एवढ्याशा खाचेत काय काय मावतं, ते आपण मिळून मोजू.

मूठ जी-10ची. म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड, थरावर थर, इपॉक्सीत भिजवून दाबून घट्ट केलेलं. मोबाइलमधल्या हिरव्या सर्किट-पट्टीची ही सख्खी बहीण. 10 मिलिमीटरच्या दोन फळ्या घ्यायच्या, एकीत खाच कोरायची, दुसरी वरून डकवायची. कोरायचं काम सुताराच्या राउटरचं. काचेपुढे साधं पोलाद लगेच बोथट होतं, म्हणून राउटरचं फिरणारं पातं, म्हणजे बिट, टंगस्टन कार्बाइडचं, 6 मिलिमीटर जाडीचं, दोन धारांचं.

बटण दाबा. मिनिटाला 30,000 फेरे! सेकंदाला 500! प्रत्येक फेऱ्यात दोन धारा चावतात, म्हणजे सेकंदाला 1,000 काप, मिनिटाला 60,000. दर कापाला एक रुपया मजुरी ठरवली, तर तासाभराचे 36 लाख रुपये मोजावे लागतील! आणि त्या धारेचं एक टोक मिनिटात धावतं किती? 565 मीटर. चोवीस डब्यांची लांब पल्ल्याची गाडी फलाटावर उभी करा, पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत जा. जवळपास तेवढं अंतर, दाणाभर जागेत गोल गोल फिरून!

एक-एक मिलिमीटर खोल जात, चार खेपांत, मिनिटभरात खाच तयार. फळी मिनिटाला एक मीटर या बेताने सरकवली, तर एका कापात जेमतेम 17 मायक्रॉनचा घास निघतो. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा. म्हणजे केसाचा चौथा हिस्सा! आणि काचेचा एक तंतू? 9 मायक्रॉन. एका घासात दोन तंतूही शेजारी शेजारी धड मावत नाहीत.

आता खरी गंमत. खाचेतून निघालेला ऐवज चहाच्या एका चमच्याएवढा, पाच घन सेंटिमीटरही नाही. त्यातला 40 टक्के भाग काच धरा, आणि ते तंतू टोकाला टोक जोडून सरळ करा. तीस किलोमीटर! 1853 साली आपली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती 34 किलोमीटर. आपला तंतू मुलुंडपाशी पोचतो, एका चमच्यातून! पन्नास फूट खोल विहिरीत दोर सोडायचा म्हटला, तर जवळपास 2,000 विहिरींचे तळ गाठेल.

आणि जे मुठीत उरलं ते? 120 बाय 30 बाय 20 मिलिमीटरचा ठोकळा, खाच वजा करून. त्यातला तंतू भरतो 420 किलोमीटरच्या वर. मुंबई-पुणे रेल्वेने 192 किलोमीटर. तिथून परत मुंबईला या, 384 झाले. पुन्हा पुण्याकडे निघा, ठाणं ओलांडा, तरी तंतू संपलेला नाही! हे सगळं तुमच्या मुठीत मावतं.

अजून थांबायचं नाही. चमचाभर भुकटीचे 10 मायक्रॉन बाजूचे घनाकार कण झाले असं समजा. किती होतील? 480 कोटी! देशातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला तीन-तीन कण देऊन वर काही कोटी उरतील. आणि ते सगळे एका मिनिटात, एका टेबलावर, तुमच्या नाकापासून दीड फुटावर उडालेले असतात. त्यांतले बारीक कण काचेचे आहेत आणि हवेत बराच वेळ तरंगत राहतात.

म्हणून हे काम करणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो: रुमाल बांधून भागत नाही. एन-95 किंवा त्याहून वरचा मास्क लावा, चष्मा घाला, व्हॅक्यूमची नळी बिटाला खेटून ठेवा. आणि मशीन बंद झालं म्हणून मास्क लगेच उतरवू नका.