मागील दारावरील अतिरिक्त चाक

कच्च्या वाटांवर व रस्ता नसलेल्या भूमीवर चालविण्यासाठी बांधलेल्या मोटारगाडीच्या मागील दारावर बाहेरच्या बाजूने बसविलेले राखीव चाक. व्यवहारात त्यास ‘स्टेपनी’ म्हणतात. गाडीची चारही चाके मूळच्यापेक्षा मोठ्या मापाची बसविली की, हे पाचवे चाकही त्याच मापाचे असावे लागते आणि तेथेच खरी अडचण सुरू होते. जमिनीवरील चार चाके गाडीला उचलून धरतात. पाचव्या चाकाला मात्र दाराच्या पत्र्याने, दोन किंवा तीन बिजागऱ्यांनी व एका कडीने उचलून धरावे लागते. चाकाचे वजन हा या प्रश्नाचा केवळ एक भाग असून ते वजन बिजागरीपासून व दाराच्या पत्र्यापासून किती अंतरावर लटकते, यावर बहुतांश गोष्टी अवलंबून असतात.

स्टेपनी हे नाव वेल्समधील लानेली येथील एका रस्त्याचे आहे. मोटारगाडीच्या आरंभीच्या काळात चाक आसापासून सहज वेगळे होत नसे. पंक्चर झाल्यास भर रस्त्यात टायर उतरवून तो जागेवरच दुरुस्त करावा लागे. स्टेपनी स्ट्रीट येथे टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी १९०४ मध्ये आरे नसलेले, हवा भरलेल्या टायरसह तयार असणारे एक कडे काढले. हे कडे पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला पकडींनी घट्ट बसविता येई. सहज सुटणारी चाके आल्यावर हे साधन मागे पडले. भारतात मात्र त्याचे नाव कोणत्याही राखीव चाकास चिकटून राहिले.

दारावर चाक टांगण्याची प्रथा जीपगाडीपासून सुरू झाली असा समज आहे. तो पुरता खरा नाही. १९४१ पासून बनलेल्या विलिस एमबी या लष्करी जीपला मागे उघडणारे दारच नव्हते. राखीव चाक मागच्या अखंड पत्र्यावर बसविलेले असे. महायुद्धानंतर १९४५ मध्ये नागरी वापरासाठी आलेल्या सीजे-२ए या जीपला सामान चढविण्यासाठी खाली पडणारे मागील फळके देण्यात आले आणि त्याबरोबर चाक बाजूच्या पत्र्यावर गेले. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. महाराष्ट्रातील शासकीय खाती, पोलीस, साखर कारखाने आणि शेतकरी यांच्या वापरात जी सीजे-३बी जातीची जीप दीर्घकाळ होती, तिच्याही कुशीवरच स्टेपनी असे. बाजूला उघडणारे आणि चाक अंगावर वागविणारे दार हा पुढचा टप्पा होय. पुण्यात तयार झालेली टाटा सिएरा (१९९१) व टाटा सफारी (१९९८), नाशिक येथे तयार होणारी महिंद्र बोलेरो (२०००) आणि २०२० ची थार ही या रचनेची परिचित उदाहरणे आहेत.

मोठे टायर केवळ दिखाव्यासाठी बसविले जातात, हा आक्षेप शहरापुरता बऱ्याच अंशी योग्य आहे. मराठवाड्यातील वाटांवर त्यास थोडी मुरड घालावी लागते. छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) ते पैठण या रस्त्यावरील चितेगाव (ता. पैठण) हे औद्योगिक वसाहतीचे गाव आहे. मुख्य रस्ता सोडून शेतवाटेला लागताच कोठे बेसाल्टची धारदार कपची, तर कोठे काळी कापूस-जमीन लागते. पुढे दक्षिणेस, १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर ओसरू लागला की, काठची गाळपेर जमीन उघडी पडते. काळी माती ओली झाली की टायरच्या नक्षीत घट्ट बसते व तो गुळगुळीत होतो. खोल नक्षीचा, मोठ्या व्यासाचा टायर तेथे उपयोगी पडतो व आसाखालील मोकळी उंचीही वाढवितो. बेसाल्टची कपची मात्र टायरच्या तळव्यापेक्षा त्याच्या बाजूच्या भिंतीला अधिक वेळा चिरते आणि ही चीर ट्यूबविरहित टायरला लावावयाच्या दोरीसारख्या बुचाने बुजत नाही. अशा वाटेवर तशाच मापाचे पाचवे चाक बरोबर असणे म्हणूनच गरजेचे ठरते.

बदलाचे प्रमाण एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. २०१० मध्ये आलेल्या थारच्या सीआरडीई प्रकारास २३५/७० आर १६ या मापाचे टायर होते. पहिला आकडा टायरची रुंदी मिमी. मध्ये देतो, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती ते सांगतो व शेवटचा रिमचा व्यास इंचांत दर्शवितो. यावरून या चाकाचा व्यास सु. ७३५ मिमी. येतो. त्याऐवजी २६५/७५ आर १६ हे माप घेतल्यास व्यास सु. ८०४ मिमी. होतो. म्हणजे त्रिज्या साडेतीन सेंमी. नी आणि रुंदी तीन सेंमी. नी वाढते. मूळ चाकाची खालची कड बंपरपासून जेमतेम दोन बोटे वर असेल, तर नवे चाक तेथे बसणारच नाही. आधाराचा कंस वर उचलावा लागेल. रुंदीतील वाढीपैकी निम्मी, म्हणजे दीड सेंमी., दाराच्या दिशेने येते. टायर पत्र्याला घासू नये म्हणून कंसावर तितक्या जाडीचे कडे घालावे लागते आणि चाकाचा गुरुत्वमध्य तितकाच मागे सरकतो. रिमही बदलून बाहेर येणारी, कमी ‘ऑफसेट’ची घेतली असल्यास तो आणखी मागे जातो.

यात गुंतलेले यांत्रिकी साधे आहे. मूळ चाक २५ किग्रॅ. व त्याचा गुरुत्वमध्य दाराच्या पत्र्यापासून १५ सेंमी. बाहेर आहे असे मानू. पत्र्यावरील परिबल (वजन व अंतर यांचा गुणाकार) ३७५ किग्रॅ.-सेंमी. भरेल. नवे चाक ४० किग्रॅ. असून ते २० सेंमी. बाहेर गेले, तर हेच परिबल ८०० होते. वजन १.६ पट झाले असता ताण मात्र दुपटीहून अधिक वाढला. दार उघडे असताना कडीचा आधार सुटतो आणि सर्व भार बिजागऱ्यांवर येतो. चाकाचा मध्य बिजागरीच्या रेषेपासून ६० सेंमी. आणि दोन बिजागऱ्यांतील उभे अंतर ४० सेंमी. असेल, तर वरची बिजागरी बाहेर ओढली जाते व खालची आत दाबली जाते. मूळ चाकामुळे हे बल ३७.५ किग्रॅ. भाराइतके, तर नव्या चाकामुळे ६० किग्रॅ. इतके असते. दाराचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही.

गाडी उभी असतानाचे हे आकडे झाले. खड्ड्यात चाक आपटते तेव्हा क्षणभर हेच बल कैक पटींनी वाढते आणि शेतवाटेवर असे क्षण एका किमी. त शेकड्यांनी येतात. पोलादाचा पत्रा एका झटक्याने सहसा फाटत नाही. वारंवार उलटसुलट वाकल्याने त्यात शिणवटा येतो व भोकाच्या किंवा वितळजोडाच्या कडेपासून केसाएवढी चीर सुरू होते. शिवाय कंस व पत्रा मिळून एक प्रकारची स्प्रिंग बनते. तिच्या टोकाचे वस्तुमान १.६ पट केल्यास तिची नैसर्गिक कंप्रता सु. एक-पंचमांशाने उतरते आणि दार अधिक सावकाश, पण अधिक मोठ्या झोक्याने हलू लागते. चिखलाने माखलेल्या चाकाचे वजन वेगळेच. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ असे म्हणणाऱ्याच्या दारात ही चीर बहुधा रंगाखाली असतेच.

मोठे चाक बसविण्याच्या पद्धती तीन आहेत. पहिली म्हणजे मूळ कंस वर सरकविणे किंवा त्यावर जाडीची कडी व लांब बोल्ट घालणे. ही सर्वांत स्वस्त व म्हणूनच सर्वांत प्रचलित आहे. व्यास थोडाच वाढला असेल आणि चाकाचे वजन कंपनीने ठरविलेल्या मर्यादेत असेल, तेथे ती चालते. मात्र जाड कड्यामुळे बोल्टांवर वाक येतो. नटाचे आटे पुरेसे पकडत नसतील, तर धोका वाढतो. किमान बोल्टाच्या व्यासाइतकी लांबी नटात गेलेली असली पाहिजे. दुसऱ्या पद्धतीत दाराला आतून पोलादी पट्टी देऊन भार पत्र्याच्या एका जागेवरून बिजागऱ्यांपर्यंत वाहून नेला जातो व बिजागऱ्याही जाड घेतल्या जातात. दाराचा बाह्य पत्रा एक मिमी. हूनही कमी जाडीचा असतो, तेव्हा नुसत्या वॉशरवर विसंबून उपयोग नाही. पत्र्याला लावलेली वितळजोडाची उष्णता आतील गंजरोधक थर जाळते. ही गोष्ट दुर्लक्षिली जाते आणि दोन पावसाळ्यांनी पट्टी शाबूत, पण पत्रा कुजलेला आढळतो. शक्य तेथे बोल्टाचा जोड द्यावा. भोकाच्या कडा रंगवून बंद कराव्यात.

तिसरी पद्धत दारावरील भार पूर्णपणे काढून घेते. मागील बंपर सांगाड्याच्या मुख्य तुळयांना जोडून त्याच्या एका टोकास उभा खुंट बसवितात व त्यावर निमुळत्या रूळ-धारव्यांच्या आधाराने फिरणारा बाहू ठेवतात. चाक त्या बाहूवर बसते. आधी बाहू व मग दार असे दोनदा उघडावे लागते, ही गैरसोय आहे. पण पाच चाके खरोखरच जड असतील, तर यांत्रिकीच्या दृष्टीने हीच रचना निर्दोष होय. तिची किंमत मात्र पुढच्या आसाला मोजावी लागते. बंपर, बाहू व चाकातील वाढ मिळून ६० किग्रॅ. भार मागील आसाच्या एक मी. मागे वाढला आणि गाडीच्या दोन आसांतील अंतर २.४५ मी. (२०२० च्या थारप्रमाणे) असेल, तर पुढील आसावरील भार सु. २४ किग्रॅ. ने कमी होतो व मागील आसावर सु. ८४ किग्रॅ. वाढतो. चढावर पुढची चाके हलकी वाटू लागतात ती यामुळे. चाक टपावर नेण्याचा चौथा मार्ग सुचविला जातो, ४० किग्रॅ. चे चाक एकट्याने टपावरून उतरविण्याचा प्रसंग येईपर्यंतच तो सोयीचा वाटतो.

पद्धत कोणतीही असो, चाक अधांतरी हलता कामा नये. दाराच्या पत्र्यावर रबरी टेकू बसवून टायर त्यावर किंचित दाबून बसेल अशी योजना करतात. दार उघडे धरणारा अडसरही नव्या वजनास पुरेसा हवा. उतारावर उभ्या गाडीचे जड दार आपोआप मिटते व आतून सामान काढणाऱ्याच्या हातापायांवर येते. या रचनेने होणाऱ्या दुखापतींत ही सर्वांत टाळता येण्याजोगी आहे. चाक वर गेल्याने मागील काचेतून दिसणारा भाग कमी होतो, काचेवरील पुसणी अडते आणि वरचा तिसरा थांबदिवा, नोंदणी क्रमांकाची पाटी किंवा मागचा कॅमेरा झाकला जाऊ शकतो. दिवा व पाटी मोकळी दिसणे हा कायद्याचाही प्रश्न आहे.

तपासणीस साधने लागत नाहीत. दार बंद ठेवून चाकाची वरची कड दोन्ही हातांनी धरून ओढावी व ढकलावी. चाक हलते पण दार स्थिर राहते, तर कंसाचे नट ढिले आहेत. चाकाबरोबर दारही हलते, तर कडी किंवा बिजागरी झिजली आहे. दार किंचित उचलल्याशिवाय नीट लागत नाही, हे बिजागऱ्या खचल्याचे पहिले लक्षण होय. कंसाभोवती रंगावर तांबूस रेघ दिसल्यास खालचा पत्रा चिरला असे समजावे. नट बसविल्यानंतर पहिल्या काही शे किमी. नंतर पुन्हा आवळावे लागतात. रंगाचा थर दबून जोड सैल होतो.

दार मोठे चाक पेलू शकत नाही म्हणून पुष्कळदा जुन्या मापाची स्टेपनी तशीच ठेवतात. ही तडजोड वाटते तितकी निरुपद्रवी नाही. वरील उदाहरणातील लहान चाक एका किमी. त सु. ४३३ फेरे घेते, तर मोठे ३९६. एकाच आसावर ही दोन चाके आली की, विभेदी दंतचक्रमाला फरक सतत भरून काढीत फिरत राहते. अर्धकालिक चतुश्चक्र-चालन प्रकारात पुढचा व मागचा दंड एकमेकांना जखडले जातात, तेव्हा दोन्ही आसांत दर किमी. ला सु. १८ फेऱ्यांचा फरक साचतो. सैल मातीत चाके घसरून तो सोडवितात. कोरड्या डांबरावर तो सोडविण्यास वाव नसतो व ताण दंतचक्रांवर पडतो. म्हणून लहान स्टेपनी लावावी लागल्यास गाडी द्विचक्र-चालनात ठेवावी आणि ती स्टेपनी न चालणाऱ्या, म्हणजे बहुधा पुढच्या आसावर लावावी. पंक्चर मागे झाले असेल, तर पुढचे एक चाक मागे आणून स्टेपनी पुढे घालावी लागते. श्रम दुप्पट होतात, पण दंतपेटी वाचते. गाडी एका बाजूस ओढली जाण्याची शक्यता धरून वेग कमी ठेवावा. पाचही चाके मोठी असली, तरी वेगदर्शक खरा राहत नाही. वरील बदलानंतर काटा ६० दाखवीत असता गाडी ताशी सु. ६५ किमी. वेगाने धावत असते.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशापासून वेगळे होतील असा फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या तरतुदीचा कडक अर्थ लावला. बाहू बसविलेला बंपर आणि बरेच मोठे टायर यांचा विचार करताना प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आधी चौकशी करणे व विमा कंपनीस कळविणे इष्ट ठरते. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने ट्यूबविरहित टायर, टायरदाबदर्शक यंत्रणा व दुरुस्तीसंच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना राखीव चाकाच्या सक्तीतून सूट मिळाली. ही सूट डांबरी रस्त्यावरील पंक्चर डोळ्यांसमोर ठेवून दिलेली आहे. भिंत चिरलेल्या टायरला दुरुस्तीसंचातील द्रव्य उपयोगी पडत नाही.